बिनमिठाचा दुधी

डॉक्टरांनी माझ्या नवऱ्याच्या, पॉलच्या दंडावरचा पट्टा सोडला आणि बघितलं माझ्याकडे. प्रेशर पॉलचं, पण बघायचं माझ्याकडे.

"घरी मीठ कमी केलंय ना? हार्टचा एक झटका येऊन गेलाय. असंच राहिलं तर दुसरा यायला वेळ लागणार नाही."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पॉल दवाखान्यातून घरी आल्यापासून मी रोज कामावर जायच्या आधी त्याच्यासाठी दुधी रांधत होते. भिजवलेली हरभऱ्याची डाळ, भरपूर दुधी, कांदा, लसूण, चमचाभर आमचा घरचा तिखट बाटली मसाला आणि शेवटी चिंचेचं पाणी. मीठ अगदी चिमटीभर. मटण बंद, मासळी बंद. सुक्या मासळीत तर मीठच मीठ, म्हणून तिचा डबाच मी शेजारी नणंदेकडे, थेल्माबायकडे देऊन टाकलेला. पथ्य मी सांभाळायचं आणि बोलणी पण मीच खायची!

बरं, दुधी वाया जात होता असंही नाही. मी संध्याकाळी कळव्याला उतरून घरी यायचे तेव्हा भांडं चाटूनपुसून साफ असायचं. "आजचा दुधी मस्त झालेला," पॉल म्हणायचा. मी मूर्ख, खूश व्हायचे.

शनिवारी ऑफिस लवकर सुटलं. घरात शिरले तर थेल्माबाय गॅसपाशी उभी. तव्यावर भाजलेला सुका जवळा हाताने चुरून माझ्या दुधीत टाकत होती. वरून मिठाची मूठ सोडली ती वेगळीच.

"थेल्माबाय! काय चाललंय हे?"

"ओरडतेस कशाला? जवळा आहे. मटण कुठे घातलंय मी? लेंटच्या उपासात पण मासळी चालते आपल्याला."

"लेंट नाय हे! प्रेशर आहे त्याला! देवाला चालतं ते डॉक्टरला चालत नाय!"

आमच्या लोकांचं हे असंच. मटण सोडलं की झाला उपास, मग ताटात अख्खी खाडी आली तरी चालते. मी पॉलकडे वळले.

"तुला माहीत होतं?"

"जीभ आहे मला," तो टीव्हीकडे बघत म्हणाला.

लग्नाला इतकी वर्षं झाली, माझ्या हातच्या भाजीचं या माणसाने कधी नाव काढलं नव्हतं. आता काढलं, ते पण जवळ्यामुळे. इतका संताप आला की भांडं उचललं आणि सगळा दुधी मोरीत ओतला.

थेल्माबाय मटकन खुर्चीत बसली. "ओत, ओत. आमच्या डॅडीला पण असंच अळणी द्यायचे हॉस्पिटलात. तो तोंड फिरवायचा. शेवटी सुकटीची चटणी मागत होता, मी दिली नाय. उपाशी गेला गं तो, जोविटा. याला मी तसा जाऊ देणार नाय."

ती रडायला लागली. मला कळवळा आला, पण राग काही उतरला नाही.

"डॅडी उपाशी गेले, मला वाईट वाटतं," मी म्हटलं. "पण माझा नवरा तुमच्या हातचं पोटभर जेवून गेला, तर मी कोणाच्या तोंडाकडे बघू?"

पॉलने टीव्ही बंद केला.

मी पुन्हा डाळ कुकरला लावली, उरलेला दुधी चिरला. रागाच्या भरात फोडी वेड्यावाकड्या झाल्या. जेवण तयार झालं तेव्हा पॉलचं आणि माझं पान वाढलं. पॉलने घास तोंडात घातला, कसंनुसं तोंड केलं आणि गिळला. दुसरा घास घेताना हात थांबला, तशी थेल्माबाय उठली. तिने स्वतःसाठी ताट घेतलं, त्याच भांड्यातला दुधी वाढून घेतला आणि त्याच्यासमोर बसली.

"खा," ती भावाला म्हणाली. "मी पण खाते."