दगडी अंगठ्याशी एक माणूस

मी एक फोटो बोलतोय. इजिप्तमधल्या एका जुन्या देवळातल्या दगडी राजाचा फोटो. ज्या काचेच्या निगेटिव्हवरून माझा जन्म झाला तिची शपथ घेऊन सांगतो, यातला शब्द न् शब्द खरा आहे. आता ती काच कधीच फुटून कचऱ्यात गेली, तेव्हा शपथ तशी फुकटातच पडली म्हणा. आणि एक जागा सोडून सगळं खरं आहे. ती जागा शेवटी सांगेन.

माझ्यातला राजा गुडघ्यांवर हात ठेवून बसलाय. नाक उडालंय, पण ताठा गेलेला नाही. जो तो त्याच्याच तोंडाकडे बघतो. खाली त्याच्या पायाच्या अंगठ्याशी, काडेपेटीतल्या काडीएवढा एक माणूस उभा आहे. माझी सगळी कहाणी त्या काडीची.

फोटोग्राफर साहेबांचा दंडक होता: मोठ्या मूर्तीशेजारी माणूस उभा करायचा, म्हणजे बघणाऱ्याला तिची उंची कळते. त्यातही ते लबाडी करत. बरोबरच्या लोकांतला सगळ्यात बुटका निवडत. माणूस जितका छोटा, तितका राजा मोठा! हा बुटका म्हणजे त्यांचा कॅमेरा वाहणारा गडी, तिशीतला. अंगात सतत वळवळ, म्हणून सगळे त्याला लवंग्या म्हणत.

"हलू नकोस रे!" साहेब ओरडले.

"श्वास तरी घेऊ का?" लवंग्या म्हणाला.

हे मला काचेने सांगितलं. फार बडबडी होती.

देवळात उजेड कमी, म्हणून कॅमेऱ्याचं झाकण बराच वेळ उघडं ठेवावं लागलं. राजा दगडाचा, तो लख्ख आला. लवंग्या मात्र मान वर करून त्याचं उडालेलं नाक बघायला गेला, आणि फोटोत त्याच्या तोंडाचा नुसता धूर झाला. दुसऱ्याच दिवशी त्या देवळाची भिंत त्याच्यावर कोसळली. तिथेच पुरलं त्याला.

साहेब काचांच्या पेट्या घेऊन परतले. त्यांच्याकडे रीटचिंगचं काम लवंग्याचा मामा करायचा. लोकांच्या चेहऱ्यावरचे वण घालवायचे, नाकं सरळ करायची. त्याच्या हाताखालून गेलेली माणसं घरच्यांनाही धड ओळखू येत नसत.

"यातला माणूस काढ," साहेब म्हणाले. "फोटोंचं पुस्तक छापणारे म्हणतात, मेलेला माणूस नको."

"भाचा आहे साहेब माझा."

"माहितीये. म्हणून तर तुला सांगतोय. दुसरा कुणी घाण करून ठेवेल."

मामाने आधी गुपचूप एक प्रिंट काढली. ती मी. मग काचेवर कुंचला फिरवून भाच्याच्या जागी दगड रंगवला. इतका बेमालूम, की साहेबांनी पाठ थोपटली.

घरी मामाची बहीण, म्हणजे लवंग्याची आई, वाट बघत होती. लेकाचा दुसरा एकही फोटो तिच्याकडे नव्हता. जन्मभर कॅमेरा वाहणाऱ्याचा फोटो काढणार कोण? ती मामाला एवढंच म्हणाली होती, "दादा, एकदा तोंड दाखव त्याचं. मग काही मागणार नाही."

आता आईला धूर कसा दाखवायचा? मामाने भिंग डोळ्याला लावलं आणि एका केसाच्या कुंचल्याने, माझ्यावरच्या मसुराएवढ्या जागेत, आठवून आठवून भाच्याचं तोंड काढलं. पण हाताची सवय जाते कुठे? लहानपणी पडून फाटलेली भुवई त्याने नकळत सांधून टाकली. वाकडं नाक सरळ केलं.

बहिणीने भिंगातून बघितलं. "हा कोण?"

"अगं, लवंग्या."

"माझा? दादा, रोज ज्याच्या तोंडावर ओरडले ते तोंड मला माहीत नाही? फाटकी भुवई कुठाय? हा तर कुणा सावकाराचा जावई बसवलास तू. पूस हे."

मामाने ओल्या कापसाने पुसलं. रंग निघाला आणि खालचा मूळचा धूर पुन्हा दिसू लागला. बहिणीने भिंग बाजूला ठेवलं. मला डोळ्यांशी धरून बघत राहिली. मग म्हणाली, "हां, हाच. एका जागी कधी उभा राहिला होता का कार्टा?"

मामा नाक शिंकरायला बाहेर गेला. त्यानंतर त्याने कुणाचाही वण घालवला नाही. साहेबांनी कामावरून काढलं. सरळ नाकं हवी असणाऱ्यांना काय तोटा?

बहीण मरेपर्यंत मी तिच्या उशाशी होतो. मग घर रिकामं झालं, मी भंगारात गेलो. आता प्रवासाची तिकिटं विकणाऱ्या एका ऑफिसात, ताटकळणाऱ्या लोकांच्या डोक्यावर टांगलेला आहे. पिवळा पडलोय, कोपऱ्यात कसर लागलीय. कधी आलात तर राजाला राहू द्या, त्याला बघणारे पुष्कळ. खाली अंगठ्याशी बघा.

तिथे तुम्हाला हातपाय दिसतील. तोंडाच्या जागी पांढरा ठिपका.

हीच ती जागा. मामाचा कापूस फार ओला होता. रंगाबरोबर माझी सालही निघाली. धूरबीर काही उरला नव्हता. काचेवरून आणि कागदावरून, दोन्हीकडून भाच्याला पुसणारा हात एकच. मामाला ते दिसलं.

बहिणीला काय दिसलं, मला ठाऊक नाही. पण तिचे शब्द मी रचलेले नाहीत. त्या कोऱ्या ठिपक्याकडे बघूनच ती म्हणाली होती, "हां, हाच."