समन्सवरची सही

बायको गेली हे मला दुकानात कळलं. मेहुणा दारात येऊन उभा राहिला. माझ्या हातात फोटोफ्रेमची काच होती. ती मी आधी नीट बसवली, मग त्याच्याकडे पाहिलं.

त्यानंतर तीन आठवड्यांनी कोर्टाचा बेलीफ घरी आला. बायकोचं नाव वाचून म्हणाला, हे त्यांचंच घर ना? मी हो म्हटलं. घर तिचंच होतं. चौकातल्या अपघाताची ती साक्षीदार, त्याचं समन्स होतं. त्याने बोटाने जागा दाखवली आणि मी सही केली. तिच्या नावाची. दुकानाचा माल बावीस वर्षं तिच्या नावावर यायचा. तिचे हात कायम सरसाने भरलेले, म्हणून पार्सलवर तिची सही मीच ठोकायचो. हात आपोआप चालला. बेलीफाने सहीकडे पाहिलंही नाही.

संध्याकाळी मेहुण्याने माझ्याकडची प्रत वाचली, सगळं विचारून घेतलं आणि डोक्याला हात लावला.

"भावोजी, ताई जाऊन महिना होत आला आणि तुम्ही तिची सही केलीत?"

मग त्याने समजावलं. आधी बेलीफाचं ओळखपत्र बघायचं, कागद वाचायचा, आणि ती वारली एवढंच सांगायचं. तो तसा शेरा मारून कागद परत नेतो. त्याला घरात घ्यायचीही सक्ती नसते. मी तर त्याला बसा म्हणून खुर्ची पुसून दिली होती.

दुसऱ्या दिवशी कोर्टात बेलीफ सापडला. त्याच्या अहवालात लिहिलं होतं, समन्स स्वतः स्वीकारले.

"काका, आता मला खाडाखोड करता येत नाही. मृत्यूचा दाखला जोडून अर्ज द्या. नाहीतर बाई हजर नाहीत म्हणून वॉरंट निघेल."

वॉरंट घेऊन कोण येतं, मी विचारलं. पोलीस, म्हणाला. आणि सही कोणी केली म्हणून जजसाहेबांनी विचारलं तर? खरं ते सांगा, म्हणाला. बाहेरचा टायपिस्ट म्हणाला, खोट्या सहीला कैद होते. त्याच्या शेजारचा म्हणाला, काही होत नाही, फार तर हसतील. कोणाचं धरावं कळेना.

एका कागदावर ती अजून आहे, याचं मला म्हणावं तेवढं वाईट वाटलं नाही. हे मेहुण्याला सांगितलेलं नाही.

तारीख सोमवारी आहे. दाखला नगरपालिकेत तयार आहे. तो मी अजून आणलेला नाही.