पाताळबाबांची खुर्ची

आचऱ्याच्या बंदरावर तिन्हीसांजेला जी झुंबड उडाली होती, तशी मासळीच्या लिलावालाही कधी उडाली नसेल. जाळी ठेवायच्या खोपीत पाताळबाबा बुडालेल्या माणसांचं दर्शन घडवत होते.

"सप्तपाताळ फोडून जीव वर आणतो आहोत! खोकू नका, आत्मा बिथरेल! पडद्यामागे जाईल त्याचे डोळे जातील!" बाबा गरजले. धुपाच्या धुरानं निम्म्यांचे डोळे जागीच जायची वेळ आली होती.

परशुराम मास्तर दारापाशी उभे होते, तेही मन मारून. त्यांची धाकटी बहीण जानकी अगदी पुढे बसली होती. तिचा नवरा महादू वादळात मचव्यासकट गेला तो परतला नव्हता. बाबांनी तिला बजावलं होतं, "अन्न सोडलंस तर तो तरंगत राहील. एक घास खाशील तर बुडेल." बाई शहाळ्याच्या पाण्यावर राहिली. अंगावर हाडं तेवढी उरली, आणि मास्तरांचा जीव तिळतिळ तुटत होता.

पडदा उजळला. महादू! खुर्चीवर ताठ बसलेला, दोन्ही हात गुडघ्यांवर. समुद्राच्या तळाशी खुर्ची कुठून आली, असं एकाही शहाण्यानं विचारलं नाही. जानकीनं हंबरडा फोडला.

मास्तरांची नजर हातांवर गेली. दोरात सापडून महादूचं डाव्या हाताचं बोट तुटलं होतं. पडद्यावर उजव्या हाताचं नव्हतं! ते तडक पडद्यामागे घुसले. पाताळात बाबांचा चेला घाम पुसत बसला होता. समोर जत्रेत चित्रं दाखवतात तसला पत्र्याचा कंदील. आत बत्ती, तोंडाशी भिंग, मध्ये काच. काचेवर महादूचा फोटो उतरवलेला. पूजेसाठी म्हणून बाबांनी तो जानकीकडूनच नेला होता. काच उलटी बसली होती, म्हणून पडद्यावर डाव्याचं उजवं झालं होतं.

गलका होताच बाबा पसार झाले.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला मास्तरांनी तोच कंदील भर बाजारात मांडला, पडदा म्हणून आपलं धोतर ताणून बांधलं. "बघा, हात लावा, माझ्याशी भांडा, पण बोला!" त्यांनी काच फिरवली की तुटकं बोटही या हातावरून त्या हातावर जाई. धोंडू खारव्यानं स्वतः काच फिरवली. "आरे, माझ्या हातानय होता ह्या!" लोक हसले, विचारू लागले. मास्तरांना वाटलं, जिंकलो.

तेवढ्यात धोंडूनं पायातल्या वहाणा काढल्या. "मास्तरांची सिद्धी मोठी! बाबा लपान दाखवी, हे सगळ्यांदेखत दाखवतत!" आणि धोतरासमोर फाडकन नारळ फुटला.

मास्तरांनी कपाळाला हात लावला. घरी येऊन पेजेची वाटी घेऊन ते जानकीपुढे बसले.

"बघलंस मां? काच ती. घोटभर घे गो."

"कळलां माका, दादा."

"मगे घे!"

"फोटोच तो. पण माझ्या घासान ते खरेच बुडले तर?" तिनं वाटी बाजूला सारली, कोनाड्यातल्या दिव्याकडे पाहिलं. "दिवो मालवू नको रे. ते काळोखात आसत."

नारळी पौर्णिमेला सगळा गाव समुद्राला नारळ द्यायला गेला. जानकी तोवर उरली नव्हती.

मंडळी, पडद्यामागे जाऊन बघा. डोळे जात नाहीत. पण वेळेवर जा, घरातलं माणूस ताटावरून उठायच्या आत जा. मास्तरांना उशीर झाला.