उबदार गॅरेजमधली गाडी

मी एक गाडी बोलतेय. या, आत या, पण जरा जपून. डाव्या हाताला तांदळाची पोती आहेत आणि उजवीकडे शोभाकाकूंची तळणाची शेगडी. मधे उरलेल्या जागेत मी उभी आहे: चार दारांची, राखाडी रंगाची, साधी अमेरिकन गाडी. रस्त्याने माझ्यासारख्या कितीही गेल्या तरी तुम्ही मान वळवून बघणार नाही.

आमचं गाव मिशिगनमधलं नोव्हाय. इथे गल्लीतल्या निम्म्या घरांचं पोट गाड्यांच्या कंपन्यांवर चालतं. ज्याला गाडी चालवता येत नाही, तो घरात कोंडला गेला म्हणून समजा. नोव्हेंबरपासून या घरात असे दोन जीव अडकले आहेत. एक मी आणि दुसरे माझे मालक, पुरुषोत्तमकाका.

माझा जन्म याच राज्यातल्या कारखान्यातला. शोरूममध्ये उभी असताना वाटायचं, कुणीतरी तरुण मला घेईल, लांबलांब फिरवील. घेतलं एका निवृत्त शिक्षिकेने. लायब्ररी आणि चर्च, यापलीकडे बाई मला नेत नसत. पुढे त्या मुलाकडे फ्लोरिडाला निघाल्या, तेव्हा माझ्या काचेला विक्रीची पाटी लागली आणि काका मला बघायला आले.

काकांचं इथे किराणा दुकान होतं. डाळी, पिठं, लोणची, फ्रीझरमधल्या पोळ्या. शाळा अर्ध्यात सुटलेली. इंग्रजी गल्ल्यामागे उभं राहून शिकले आणि गाड्याही तशाच शिकले, हात लावून, वास घेऊन, दोनचारदा फसून. इतकी वर्षं त्यांच्या संगतीत काढल्यामुळे माझीही जीभ दुकानदाराची झालीय, हे एव्हाना तुमच्या लक्षात आलं असेल.

त्या दिवशी त्यांनी माझ्या रंगाकडे बघितलंसुद्धा नाही. आधी बॉनेटवर तळहात ठेवला. बॉनेट गार होतं, तेव्हा खूश झाले. विकणाऱ्याने इंजिन आधीच तापवून ठेवलं असेल तर गार असताना ते कसं खोकतं ते लपून राहतं. मग ड्रायव्हरच्या सीटची कड दाबून पाहिली, कारण गाडी फार पळाली असेल तर ती खचलेली असते. आतल्या गालिच्याला नाक लावलं, कारण पुरात बुडालेली गाडी कितीही धुतली तरी गालिचा खोटं बोलत नाही. आणि शेवटी, आपण कुठे आहोत याची पर्वा न करता, पाठीवर आडवे होऊन माझ्याखाली सरकले. शिक्षिकाबाईंना वाटलं म्हाताऱ्याला चक्कर आली. त्या पाणी घेऊन धावल्या.

"वरचा रंग विकणाऱ्याचा, खालचं लोखंड घेणाऱ्याचं," असं काका सगळ्यांना सांगायचे. सगळ्यांना म्हणजे कुणाला, तर कॉलेजात शिकायला आलेल्या पोरापोरींना, नव्याने नोकरी लागलेल्या जोडप्यांना. दुकानात डाळ घ्यायला आलेलं माणूस हळूच म्हणायचं, काका, एक गाडी बघून द्या ना. की काका मला घेऊन निघालेच.

अमेरिकन गाडीबद्दल त्यांची मतं पक्की. सीट सोफ्यासारखी, हीटर भट्टीसारखा, आणि बिघडली तर कोपऱ्यावरचा मेकॅनिकही दुरुस्त करू शकेल अशी असावी. दिखाव्याची त्यांना चीड. ज्याच्या पिकअपच्या मागच्या भागात एकही ओरखडा नाही, त्याने ती शेजाऱ्याला दाखवायला घेतली, असं ते म्हणत. इथल्या मराठी मंडळाच्या पॉटलकला, म्हणजे घरोघरून पदार्थ आणून केलेल्या जेवणाला, यजमान अमेरिकन मोटार कंपनीत साहेब असले, की जपानी गाडीवाले आपली गाडी पुढच्या वळणावर लावून भाजीची पातेली हातात धरून चालत येत. काका ते बघून पोट धरून हसायचे आणि मला ऐटीत थेट दारात उभी करायचे.

माझ्यावर त्यांची फार माया. अंगणात बर्फ पडला की बाकीच्यांच्या गाड्या बाहेर कुडकुडायच्या, मी मात्र आत. शोभाकाकू तळण, मासे, फोडण्या सगळं गॅरेजमधल्या शेगडीवर करायच्या, म्हणजे घरात वास राहत नाही. त्यांचे गुडघे दुखू नयेत म्हणून काकांनी भिंतीला छोटा हीटर लावला. बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर टाकलेलं मीठ आणि चिखल घेऊन मी आत यायची आणि त्या उबेत रात्रभर टपटप गळत राहायची. मशीनचे ब्रश रंग ओरबाडतात म्हणून काका मला कधी कारवॉशमध्ये नेत नसत. बादली, मग आणि काकूंच्या जुन्या सुती साडीचा तुकडा घेऊन मला आंघोळ घालायचे. गणपतीत तर विचारू नका. मोदकांचं पातेलं माझ्या शेजारीच चढायचं. काकू म्हणायच्या, तुमच्या मैत्रिणीला जरा सरकवा, मला वाफ बघायचीय.

मग गेल्या नोव्हेंबरात काकांनी माझ्या उजव्या कुशीने शेजाऱ्यांची टपालपेटी आडवी केली. त्यांना ती दिसलीच नव्हती. डोळ्यांच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. समोरचं दिसतं, बाजूचं विझत चाललंय. त्याच संध्याकाळी मुलगी ज्ञानदा अ‍ॅन आर्बरहून आली आणि माझी किल्ली तिच्या पर्समध्ये गेली. काका भांडले नाहीत. तोवर दुकान विकून झालं होतं, आणि आता रस्ताही गेला.

तेव्हापासून दुपारी जेवण झालं की ते येतात आणि माझ्यात बसतात. दार बंद, इंजिन बंद. स्टिअरिंगवर हात ठेवून समोरच्या भिंतीवरची फावडी बघतात. कधी मागे वळून मान पूर्ण फिरवतात, दोन्ही बाजूंना, जणू रस्त्यावर येतोय. मी काय करणार? माझी बॅटरी उतरत गेली, टायर चपटे होत गेले. आम्ही दोघं एकमेकांना सोबत करत होतो की एकमेकांना अडकवून ठेवत होतो, हे मला अजून कळलेलं नाही.

या महिन्यात बर्फ वितळला आणि ज्ञानदाने तोडगा काढला. डेट्रॉइटला संशोधन करणारी रुचा म्हणून एक मुलगी आहे. लॅबला जायला तिला दोन बस बदलाव्या लागतात. ज्ञानदा म्हणाली, गाडी रुचाला देऊन टाकू, पैसे नकोत. त्या बदल्यात रुचाने दर शनिवारी येऊन बाबांना ते म्हणतील तिथे न्यायचं. रुचा एका पायावर तयार झाली. काकांनी ते ऐकलं आणि त्या दुपारी माझ्यात बसून कितीतरी दिवसांनी गुणगुणले. कुठे जायचं याचे बेतही सुरू झाले. मलाही वाटलं, सुटलो आपण. दोघंही.

आज सकाळी रुचा आली. नवी बॅटरी, टायरमध्ये हवा, सगळी तयारी ज्ञानदाने करून ठेवली होती. इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं. रुचा हसून म्हणाली, मला गाड्यांतलं झीरो कळतं, काकांनी वापरलीय म्हणजे चांगलीच असणार.

काका म्हणाले, "तरी खालून बघ."

"बाबा, घरचीच गाडी आहे," ज्ञानदा म्हणाली.

"घरची असली तरी. मला आता वाकवत नाही. रुचा, मोबाईलचा दिवा लाव आणि जा खाली. फोटो काढ."

ती पोरगी नव्या जीन्ससकट माझ्याखाली सरकली. माझ्या पोटाखाली काय चाललंय हे मला ठाऊक होतं हो, पण सांगणार कुणाला?

काकांनी फोन डोळ्यांजवळ धरला, मान तिरकी करून एकेक फोटो बघितला. एका फोटोवर थांबले. ब्रेकच्या पाइपाचे पापुद्रे सुटले होते. चाकं ज्याला धरून असतात ते लोखंड इतकं कुजलं होतं, की बोट आत जावं.

ज्ञानदा हळूच म्हणाली, "बाबा, थोडा गंज सगळ्यांनाच असतो ना. इथे मीठच किती टाकतात."

बाहेर कुडकुडणाऱ्या गाड्यांना असा गंज लागत नाही, हे काकांना माहीत होतं. थंडीत मीठ झोपून राहतं. ओल आणि ऊब मिळाली की जागं होऊन लोखंड खातं. ही गोष्ट त्यांनी दुकानात कितीजणांना सांगितली असेल. त्यांची नजर हीटरवर गेली, मग शेगडीवर, मग कोपऱ्यातल्या बादलीवर. कारवॉशमध्ये खालूनही पाणी मारतात. बादलीतलं पाणी वरच्या वरच राहतं.

"माझ्या मोदकांनी झालं का हे?" शोभाकाकूंनी विचारलं.

"तुझे मोदक, माझा हीटर आणि माझी बादली," काका म्हणाले. "बाहेर उभी ठेवली असती तर जगली असती."

काका गप्प बसले असते तर मी सुटले असते, आणि त्यांना शनिवार मिळाले असते. रुचाला काय कळणार होतं? ती त्यांच्याकडे बघत होती, बाकीचे सगळे बघायचे तशी.

"घेऊ नकोस," काका म्हणाले. "हायवेवर ब्रेक गेले तर मी तुझ्या आईला काय सांगू?"

भंगारवाल्याला फोन झाला. तो उद्या येतोय, गाडी दारासमोर काढून ठेवा म्हणाला. ब्रेकचा भरवसा नव्हता आणि आमचं अंगण अगदी सपाट आहे, तेव्हा काकूंनी ठरवलं, इंजिन लावायचं नाही, हातानेच ढकलू. पण स्टिअरिंगला कुणीतरी हवं. तिघींनी एकमेकींकडे पाहिलं. मग ज्ञानदाने पर्स उघडली आणि किल्ली काकांच्या हातावर ठेवली.

काका बसले. हॅंडब्रेक सोडला. तिघी पुढून ढकलायला लागल्या, आणि काकू धापा टाकत म्हणाल्या, "इतकी वर्षं संसार ढकलला, आता हेही."

मी हलले. काकांनी मान पूर्ण फिरवली, डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे, आणि मला सरळ रेषेत, कुठेही न घासता, उन्हात आणलं. अंगणाच्या टोकाशी, रस्ता लागायच्या आधी, त्यांनी हॅंडब्रेक ओढला. मागच्या रस्त्यावरून गाड्या जात होत्या. ते बराच वेळ त्यांचे आवाज ऐकत बसले. मग किल्ली काढून त्यांनी स्वतःच ज्ञानदाला परत दिली.

रुचा अजून उभी होती. काका तिला म्हणाले, दुसरी गाडी सापडली की इकडे आण, बघून देतो. ती म्हणाली आणीन, पण खाली मीच सरकणार. शनिवारचं दोघांपैकी कुणीच काढलं नाही.

मंडळी, माझं आता झालंच. माझी काचा-दारं कुणाच्या तरी गाडीला लागतील, बाकीचं वितळेल. माझ्यासारख्या साध्या चार दारांच्या गाड्या बहुतेक अमेरिकन कंपन्या आता बनवतही नाहीत. तक्रार नाही. मायेने कोंडून ठेवलेलं लोखंड असंच जायचं.

पण जाताजाता एक मागणं आहे. तुमच्या घरात कुणाची किल्ली काढून घ्यावी लागली असेल, तर बरोबरच केलंत. फक्त येत्या शनिवारी त्यांना तुमच्या गाडीत बसवा आणि विचारा, कुठे जायचं? मग म्हणतील तिकडे न्या, दवाखाना सोडून.