करंगळीवरची रेघ

मी एक जुना लाकडी फर्मा आहे. मित्रांनो, फर्मा म्हणजे पावलाच्या आकाराचा ठोकळा. आमच्यावर चामडे ताणून बूट शिवतात. मी डाव्या पायाचा आणि माझा जोडीदार उजव्या पायाचा. आम्हा दोघांवर आजवर एकाच माणसाचे बूट शिवले गेले, आणि तेही फार नाहीत.

माझी गोष्ट मी शेवटाकडून सुरू करतो. त्या शनिवारी विशेष असे काहीच घडले नाही. म्हणूनच तो मला सबंध आठवतो.

आमचे दुकान एका अरुंद रस्त्यावर, किल्ल्या बनवणाऱ्याच्या शेजारी आहे. आत दोन ठेंगणी स्टुले, चामडे कापायची रापी, टोचायची आरी, मेण लावलेल्या दोऱ्याची रिळे, आणि भिंतभर फळ्यांवर जोडीजोडीने बसलेले आम्ही फर्मे. दुकान चालवणाऱ्याला सगळे बूटवाले म्हणत. त्या दिवशी बूटवाल्यांची लेक दुसऱ्या शहरातून आली होती. ती आता चाळिशी ओलांडलेली, खांद्याला ऑफिसची बॅग. बूटवाल्यांनी मला फळीवरून काढले, फडक्याने पुसले आणि तिला म्हणाले, "पाय दे बघू. वय वाढलं की पाऊल पसरतं."

"बाबा, माझे बूट चांगले आहेत."

"हे?" त्यांनी तिच्या बुटाचा तळ बोटाने वाकवला. "हा पुठ्ठा आहे. तू पाय घातलास म्हणून बिचाऱ्याला बूट म्हणायचं."

लेक हसली. तिने बूट काढला. मोजा काढायला वाकली, तेवढ्यात दारात एक अनोळखी गृहस्थ आला, हातात तुटक्या पट्ट्याची सँडल घेऊन. बूटवाले झटकन उठून उभे राहिले.

"बसा मॅडम, बसा," ते लेकीला म्हणाले. "यांचं तेवढं बघतो, मग तुमचं."

लेक बसून राहिली. गृहस्थ सँडलला टाका घालून घेऊन गेला, तोवर तिच्या गाडीची वेळ झाली होती. "पुढच्या वेळी नक्की," असे म्हणून तिने बूट चढवला. माप राहिले होते, म्हणून बूटवाल्यांनी मला फळीवर न ठेवता स्टुलाशेजारीच ठेवले. दुसऱ्या दिवशी सकाळी दाढी करता करता ते खाली बसले, ते पुन्हा उठलेच नाहीत.

बाप लेकीला 'मॅडम' का म्हणतो, असे तुम्ही विचाराल. त्यासाठी मला तीस वर्षे मागे जावे लागेल.

बूटवाले मूळचे इथले नव्हते. तरुणपणी समुद्र ओलांडून आले. आशियातलेच, पण पार दुसऱ्या टोकाचे. इथे कारखान्यात कामाला लागले, इथल्याच मुलीशी लग्न केले आणि मग हे दुकान थाटले. इथली भाषा त्यांनी बायकोकडून आणि सासूबाईंकडून उचलली. त्यामुळे ते रागावले की हुबेहूब सासूबाईंसारखे रागावत. "मेल्या, डोळे काय गहाण टाकलेस?" असे त्या परदेशी माणसाच्या तोंडून ऐकले की नवे गिऱ्हाईक आधी दचके आणि मग पोट धरून हसे.

लेकीने रंग आईचा घेतला आणि डोळे वडिलांचे. केस कुणाचे घेतले ते कळत नाही, असे तिची मावशी म्हणे. शाळेत मुली तिला 'पाहुणी' म्हणत.

"तू कुठली गं?"

"इथलीच."

"ते झालं. पण खरी कुठली?"

हा प्रश्न ती दप्तरात घालून घरी आणी आणि कुणाला दाखवत नसे. शाळा सुटली की दुकानातल्या स्टुलावर बसून ती गृहपाठ करी. बूटवाले मात्र तिला मोठ्या थाटात हाक मारत, "काय मालकीणबाई, आज दुकानाचं काय म्हणणं आहे?" मग मालकीणबाई गालातल्या गालात हसून दोन-चार हुकूम सोडत.

तिच्या बाराव्या वाढदिवसाला त्यांनी आम्हाला घडवले. शेजारच्या सुताराकडून कठीण लाकडाचा ओंडका आणला, तिची पावले कागदावर उतरवली आणि महिनाभर फावल्या वेळात तासत राहिले. पुढे तिचे पाऊल वाढले तसतसे ते माझ्यावर पातळ चामड्याचे तुकडे चिकटवून कानशीने घासत. माझ्या अंगावरचे हे थर म्हणजे तिची वर्षे आहेत.

आम्हाला घडवले त्याच वर्षी समुद्रापलीकडून तिचे काका आले. तिला वाटले होते, निदान त्या माणसांत तरी आपण पाहुणी नसू. काकांनी तिला नीट निरखले, आपल्या भाषेत काहीतरी बोलले आणि मान हलवली. तिला भाषा कळत नव्हती, पण मान कळली. बूटवाल्यांनी तिला स्टुलावर बसवले, तिचा डावा मोजा काढला आणि करंगळी भावापुढे धरली. तिच्या करंगळीचे नख मधून दुभंगलेले होते, कडेला एक बारीक नख वेगळे निघालेले. मग त्यांनी स्वतःची चप्पल काढली. तसेच नख. काकांनीही बूट काढला. तसेच! काका खो खो हसले आणि त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"आमच्याकडे म्हणतात, घरचं माणूस यावरून ओळखावं," बूटवाले तिला म्हणाले.

काका गेल्यावर त्यांनी रापीच्या टोकाने माझ्यावर करंगळीच्या जागी एक उभी रेघ कोरली. मित्रांनो, फर्म्यावर कुणी नख कोरत नाही. त्याचा बुटाला काडीचा उपयोग नसतो. पण त्या दिवसापासून मी इतर फर्म्यांमध्ये थोडा ऐटीत बसू लागलो.

ती ऐट दोन वर्षे टिकली.

एका संध्याकाळी लेक स्टुलावर गणिते सोडवत होती. दारातून तिच्या वर्गातली एक मुलगी आत आली, मागोमाग तिची आई. आई डॉक्टर होती. "अय्या, तू इथे कशी?" मुलगी म्हणाली. डॉक्टरीणबाईंनी बूटवाल्यांकडे पाहिले, मग लेकीकडे, पुन्हा बूटवाल्यांकडे. "हे तुझे कोण गं?" त्यांनी अगदी सहज विचारले.

"कारागीर आहेत," लेक म्हणाली. "दुकान आमचं आहे."

बूटवाल्यांच्या हातातला दोरा अर्धा ओढलेला होता. तो त्यांनी पूर्ण ओढला, टाका बसवला आणि उठून उभे राहिले.

"हो बाई, मालकीणबाईंचंच दुकान आहे. पाय द्या, माप घेतो."

त्या दोघी गेल्या. लेकीने मान वर केली नाही. थोड्या वेळाने बूटवाल्यांनी विचारले, "गणितं झाली का?" ती "हो" म्हणाली. ती झाली नव्हती. वहीचे पान मला दिसत होते.

त्यानंतर त्यांनी तिला 'मालकीणबाई' अशी हाक कधीच मारली नाही. आणि दुकानात कुणी परके आले, की ते आपणहून कारागीर होत आणि ती मॅडम. इतक्या वर्षांत एकदाही चुकले नाहीत. एकदा तरी चुकले असते तर बरे झाले असते. लेकीच्या आईला यातले काही माहीत नव्हते. ठाऊक होते ते त्या दोघांना, आणि मला.

लेक शिकली, नोकरीसाठी लांब गेली, कारखान्यात बनलेले बूट घालू लागली. आम्ही सर्वांत वरच्या फळीवर गेलो. तिथे धूळ फार बसते. शेजारचे फर्मे उतरत, कामाला लागत, रात्री चामड्याचा ताजा वास घेऊन परतत. आमच्याकडे सांगायला काही नसे. वर्षातून एकदा, तिच्या वाढदिवसाला, बूटवाले शिडी लावून आम्हाला खाली घेत, तेल चोळत आणि मग तिला फोन करत. "पाय कसे आहेत?" हा त्यांचा पहिला प्रश्न.

"लोक तब्येत विचारतात, हा माणूस पाय विचारतो!" तिची आई कपाळाला हात लावी. पुढे आईही गेली. शिडी धरायला कुणी उरले नाही, तरी तेल चुकले नाही.

आणि मग तो शनिवार आला.

मित्रांनो, लाकडाची काळजी घेणे सोपे असते. ओल लागू देऊ नये, वाळवीवर लक्ष ठेवावे, वर्षाकाठी तेल लावावे. मला विसरलात तरी मी रागावणार नाही, मी फळीवर थांबू शकतो. पण आपले माणूस आपले आहे, हे चारचौघांत सांगायचे राहिले असेल, तर ते आजच सांगा. माणसे फळीवर थांबत नाहीत.

पंधरा दिवसांनी, भर दुपारी, लेक दुकान आवरायला आली. तयार झालेले बूट तिने दारापाशी ओळीने मांडले. मग स्टुलाशेजारी मी दिसलो. तिने मला उचलले. अंगठा रेघेवर आला आणि तिथेच थांबला. जरा वेळाने तिने डावा बूट आणि मोजा काढला, कागदावर पाऊल ठेवले, बूटवाले कानावर खोचत ती बोटभर पेन्सिल घेतली आणि आपले माप आपणच घेऊ लागली. रेघ वाकडी गेली. स्वतःचे माप स्वतःला घेता येत नाही, वाकले की भार सरकतो. तिने पुन्हा काढून पाहिले. पुन्हा वाकडी.

"आहे का कुणी?" दारात काठी टेकत एक म्हाताऱ्या बाई उभ्या होत्या. केस पार पांढरे झालेले, तरी मी त्यांना ओळखले. लेकीनेही.

"माझे बूट तयार असतील," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तुमचे कारागीर कुठे गेले?"

"वारले. दोन आठवडे झाले."

"अरेरे!" बाई दुसऱ्या स्टुलावर बसल्या. "फार सज्जन माणूस हो. तीस वर्षं त्यांच्याच हातचं घालतेय. मग तुम्ही त्या मालकीणबाई ना? तुमच्याबद्दल किती सांगायचे! 'आमच्या मालकीणबाईंना बढती मिळाली', 'आमच्या मालकीणबाईंनी घर घेतलं'. मी म्हणायची, मालकाचं एवढं कौतुक करणारा नोकर मी जन्मात पाहिला नाही."

लेकीच्या हातात मी होतो. तिची पकड इतकी घट्ट झाली की माझ्यावरचा जुना थर कुरकुरला. ती उठून उभी राहिली, एका पायात बूट आणि दुसरा पाय अनवाणी.

"ते नोकर नव्हते," ती म्हणाली. मग तिने पुन्हा सुरुवात केली, हळू, पण रस्त्यावर ऐकू जाईल इतक्या स्पष्टपणे. "ते माझे बाबा होते. मी त्यांची मुलगी."