औषधाच्या पंपातली जुनी अट

मित्रांनो, मी संगणकाच्या प्रोग्रॅममधली चार ओळींची एक अट आहे. आहे कसली, होते! स्लोवाकियातल्या कोशित्से शहरातल्या एका लहानशा कंपनीने मला काढून टाकलं. आमच्याकडे काढलेली ओळ फेकून देत नाहीत, जुन्या नोंदींत जपून ठेवतात. तिथून मला सगळं दिसतं, पण करता काहीच येत नाही. आणि लपवाछपवी कशाला? जिने माझी जागा घेतली तिच्यावर मी जळते.

रुग्णाच्या शिरेत थेंब थेंब औषध सोडणारा पंप तुम्ही पाहिला असेल. त्याच्या पोटात एक छोटा संगणक असतो. त्याच्या गाभ्यात, म्हणजे कर्नेलमध्ये, माझा जन्म झाला. पंपाच्या प्रत्येक भागाला स्मृतीत पत्ते दिलेले असतात, गल्लीतल्या घरांना क्रमांक असतात तसे. आकडे दाखवणाऱ्या पडद्याचे पत्ते वेगळे, औषध ढकलणाऱ्या मोटारीचे वेगळे. पडदा रंगवणारा प्रोग्रॅम यायचा आणि म्हणायचा, ‘पडद्याच्या स्मृतीची खिडकी उघडून द्या. अमुक पत्त्यापासून, इतकी लांब.’ मी दारातच उभी! सुरुवात पडद्याच्या हद्दीत आहे का, ते आधी बघायचे. मग हद्दीतून सुरुवात वजा करून जी जागा उरेल तिच्यात मागितलेली लांबी मावते का, ते बघायचे. मावली तर ये आत, नाही तर चालू लाग. कारण हद्दीला लागूनच मोटारीचे पत्ते होते.

मला वेंडेलिननी लिहिलं. पोट सुटलेले, मोजकं बोलणारे गृहस्थ. आंबवलेल्या कोबीचं सूप डब्यातून आणायचे आणि कीबोर्डशेजारीच पीत बसायचे. एका दुपारी त्यांनी मला लिहिलं, बोटं पुसली आणि घरी गेले. त्यानंतर अकरा वर्षांत माझं कुणी कौतुक केलं असेल तर शपथ! पाहुणे आले की पडद्यासमोर उभे राहून म्हणायचे, “वा, काय सुरेख रंग आहेत!” मी तेव्हाही जळायचे. पण माझी जागा तरी माझी होती.

मग डोरोटा आली. चाळिशीची, तल्लख, प्रागमध्ये दहा वर्षं काढून माघारी आलेली. जुना कोड झाडून पुसून लख्ख करायचं तिला वेडच होतं. एक दिवस मी तिच्या नजरेला पडले.

“हा काय द्राविडी प्राणायाम?” ती म्हणाली. “सुरुवात आणि लांबी यांची बेरीज करा, हद्दीपेक्षा मोठी नाही ना बघा. संपलं! एका ओळीचं काम आहे हे.”

कुठलाही बदल दुसऱ्या कुणीतरी तपासून मंजूर करायचा, असा नियम होता. पण तो दिवस सहा फेब्रुवारीचा, डोरोटाच्या नावाचा. आमच्याकडे कॅलेंडरवर प्रत्येक तारखेला एकेक नाव छापलेलं असतं. ज्याच्या नावाचा दिवस त्याने सगळ्यांना खायला आणायचं आणि बाकीच्यांनी त्या दिवशी त्याच्याशी हुज्जत घालायची नाही, ही ऑफिसची रीत. तिने खसखशीचा रोल आणला होता.

“वेंडेलिन, एवढं मंजूर करता का? दिवस गोड होईल माझा.”

“आज कॅलेंडरवर तुझं नाव आहे बाई. आज तुला नाही म्हणायची कुणाची टाप आहे?”

आणि केलं की हो मंजूर! ज्यांनी मला घडवलं त्यांनीच मला हाकललं, तेही तोंडात घास असताना.

माझ्या जागी ती सटवी बसली. एका ओळीची, सुटसुटीत, देखणी. चाचण्या घेणारा ब्लाझेय तर म्हणाला, “फ्रेम करून भिंतीवर लावा हिला!” माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. कारण तिची खोड मला ठाऊक होती. ती आधी बेरीज करते. गाडीत किलोमीटरचा आकडा सगळे नऊ झाले की पुन्हा शून्यावर येतो ना, तशी संगणकाची बेरीजही उलटते. कुणी अवाढव्य लांबी मागितली की बेरीज उलटून इवलीशी होणार, आणि ही बावळट म्हणणार, ‘या, या, मावतंय!’ म्हणूनच तर मला वजाबाकी शिकवली होती.

चूक गं बये, एकदा तरी चूक, असं मी रोज म्हणायचे. मग कळलं की पुढच्या सोमवारी तीस पंप लहान मुलांच्या वॉर्डात जाणार आहेत. मी चपापले. तिची फजिती व्हायची तर आधी एखाद्या पोराच्या हातात सुई असायला हवी होती. तरीही माझा मत्सर काही गेला नाही, फक्त त्यात भीती मिसळली.

शुक्रवारी दुपारी ब्लाझेयने टेबलावर पंप ठेवला, पाण्याची बाटली लावली, नळीखाली कपबशी ठेवली आणि पडद्याच्या प्रोग्रॅममधून वेडेवाकडे आकडे पाठवायला सुरुवात केली. थेंब पडत होते. एकाएकी मोटार घरघरली. कप भरला, बशी भरली, पाणी डोरोटाच्या कागदांवर गेलं.

“अरे बंद कर! बंद कर आधी!” डोरोटा ओरडली.

पडद्यावर मात्र तेच सुरेख रंग आणि तोच आकडा होता, तासाला दोन मिलिलिटर.

वेंडेलिननी कोड उघडला आणि त्या एका ओळीवर बोट ठेवलं. “बेरीज उलटली,” ते म्हणाले.

“तुम्ही मंजूर केलं होतंत!”

“केलं होतं. रोल खाल्ला आणि मंजूर केलं. माझंच चुकलं.”

“आणि ती जुनी अट तशी का लिहिली, ते कुठेच का नाही लिहून ठेवलंत? एक ओळ हो, वेंडेलिन! एक ओळ असती तर मी त्या अटीला हात तरी लावला असता का?”

“मला वाटलं, बघणाऱ्याला कळेल.”

“नाही कळलं!” ती म्हणाली. “वॉर्डात मुलं आहेत.”

मग तिने जुन्या नोंदी उघडल्या आणि मला पुन्हा पुन्हा वाचलं. मी मनातून फुलून गेले. आता मला परत बोलावणार! पण नाही. तिने माझी वजाबाकी घेतली आणि स्वतःच्या पद्धतीने दोन ओळींत नवी अट लिहिली. तिच्या डोक्यावर टीप लिहिली: ‘इथे बेरीज करू नका. आकडा उलटतो आणि खिडकी मोटारीपर्यंत उघडते. आमच्या हातून एकदा झालं आहे.’ या वेळी वेंडेलिननी अक्षर न् अक्षर वाचून मंजुरी दिली. पंप दोन आठवडे उशिरा गेले, पण धड गेले.

मित्रांनो, जुनी गोष्ट काढायची तर खुशाल काढा, पण ती तशी का होती हे आधी विचारा. आणि स्वतः काही घडवलंत तर त्यामागचं कारण लिहून ठेवा. वजाबाकी माझी आणि नाव डोरोटाचं, हे मी एक वेळ सोसेन. पण ती टीप काही सोसवत नाही. अकरा वर्षं मी ते दार राखलं, आणि मी तिथे का उभी आहे हे कुणी एका शब्दानेही लिहिलं नाही.