दुपारच्या पाळीवरचा आळ

गोदामाचे संगणक सांभाळणाऱ्या धाकटीने सर्व्हरला वेळ विचारली. पडद्यावर सकाळचे साडेदहा उमटले, अगदी बरोबर. मग तिने शीतगोदामाच्या तापमानाचा लॉग उघडला. त्यातली नुकतीच पडलेली नोंद दुपारी साडेतीनची होती.

“अरे वा, इथे दुपारची झोपही आटोपली!” ती पुटपुटली.

या नोंदी दर दहा मिनिटांनी आपोआप पडायच्या, त्यामुळे तिकडे कोणी ढुंकूनही पाहत नसे. गेल्या आठवड्यात दार उघडं राहून लसींचा साठा वाया गेला, तेव्हा साहेबांनी पारा चढायला लागला ती ओळ तेवढी पाहिली. दुपारचे तीन, म्हणजे गोदामातल्या जुन्या कामगाराची, मामांची पाळी. ‘मी आलो तेव्हा दार उघडंच होतं,’ असं मामा बिचारे जीव तोडून सांगत राहिले. आज त्यांना कामावरून काढणार होते.

गोम लगेच सापडली. महिन्यापूर्वी सर्व्हरचं घड्याळ दूरदेशीच्या मुख्य कार्यालयाच्या वेळेवरून इथल्या वेळेवर आणलं होतं. पण ठरल्या वेळी या नोंदी टाकणारा क्रॉन नावाचा प्रोग्रॅम त्याआधीपासून चालू होता. त्याला बंद करून पुन्हा सुरू करायचं कोणाच्या डोक्यातच आलं नाही, आणि तो आपला जुनीच वेळ धरून बसला, पाच तास पुढे. मामा सुटले! धाकटीला इतका आनंद झाला की तिने बसल्या जागी टाळी वाजवली.

मग तिने तीनपासून पाच तास मागे मोजले. सकाळचे दहा. सकाळच्या पाळीला तिची सख्खी थोरली बहीण असायची. धाकटीनेच साहेबांकडे शब्द टाकून तिला इथे लावलं होतं.

तेवढ्यात हातमोजे काढत ताईच आत आली.

“काही हाती लागलं का गं? मामांचं तोंड बघवत नाही.”

धाकटीने पडदा तिच्याकडे वळवला आणि पाच तासांचा घोळ सांगितला. ताईने ती ओळ दोनदा वाचली.

“दहाला ट्रक आला होता,” ती हळूच म्हणाली. “मला वाटलं, मी दार लावलं.”

धाकटीला रडू येत होतं. तिने साहेबांना लिहायला घेतलं: ‘दार सकाळच्या पाळीत उघडं राहिलं.’

“पाळीत म्हणजे कोणाकडून? सरळ माझं नाव घाल.”

धाकटीची बोटं हलेनात. तेव्हा ताईने कीबोर्ड पुढे ओढला आणि एका बोटाने अक्षरं शोधत आपलं नाव लिहायला लागली. एका अक्षराशी ती अडली. धाकटीने ती कळ दाखवली.